वगळलेली विहीर

ऑफिसात त्यांना सगळे नकाशेबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘बाई’. तेलाच्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, पण तेलाचा थेंब काही कधी बोटाला लागला नाही. लागले ते आकडे. जमिनीखाली तीन किलोमीटरवर खडकात तेल कुठं, गॅस कुठं, दाब किती, याचे नकाशे काढायचे हे त्यांचं काम. तिथं कधी कुणी उतरलेलं नाही आणि उतरणारही नाही, तरी नकाशा हवाच. भोक पाडायला एक अवाढव्य यंत्र आणि चाळीस माणसं लागतात, आणि त्यांना कुणीतरी बोट ठेवून ‘इथं’ म्हणून सांगावं लागतं. ते बोट बाईंचं असायचं.

कामाचं मर्म त्या कुणालाही दोन मिनिटांत सांगायच्या. “एवढ्या मोठ्या जमिनीत आपली भोकं किती? दहा. दोन भोकांच्या मधे काय? देव जाणे. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं.” ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, तसंच खडकाचं. जवळजवळच्या विहिरी एकमेकींसारख्या असतात, लांबलांबच्या नसतात. किती लांब गेल्यावर साम्य संपतं, तेवढं शोधायचं. त्यासाठी दोन-दोन विहिरींच्या जोड्या लावायच्या. दोघींमधलं अंतर आडवं मांडायचं, दोघींमधला फरक उभा. ठिपके पडत जातात. नशीब बरं असेल तर त्यातून एक वळण निघतं, आधी चढणारं आणि मग सपाट होणारं. ते हाती आलं की मधल्या कोऱ्या जागा भरता येतात. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, पण त्यांच्या खोलीत सगळे ‘वळण’च म्हणायचे. “लागलं का वळण?” असं कुणी विचारलं की नव्या माणसाला वाटायचं, कुणाच्या तरी उनाड पोराची चौकशी चाललीय.

घरी दोघीच. बाई आणि त्यांची धाकटी जाऊ. बाईंचे यजमान आठ वर्षांपूर्वी आजारपणात गेले, आणि दीर त्याच्याही चौदा वर्षं आधी. जावेची मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरायच्या, आणि भांड्याला भांडं लागायचं नाही असं म्हणायची सोय नव्हती. मिठावरून लागायचं, खिडकी उघडी ठेवण्यावरून लागायचं, रोज लागायचं. पण सकाळी जाऊ आधी उठायची, चहा ठेवायची, आणि पहिला कप बाईंच्या हातात द्यायची. बावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. बाई तो कप घ्यायच्या आणि खाली बघत प्यायच्या.

दीर ड्रिलर होता, म्हणजे त्या यंत्रावरचा मुख्य माणूस. अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा. स्वयंपाकघरात यायचा तो चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकून. पाइपावर ठोकून आत पोकळ की भरीव ते ओळखायची सवय, ती घरीही सुटली नव्हती. टक टक. “वहिनी, आज कुठं भोक पाडू?” आणि बाई म्हणायच्या, “भाऊजी, आधी हात धुवा, मग जगाला भोकं पाडा.” हा संवाद इतक्या वेळा झाला होता की यजमान पेपरामागून दोघांच्याही ओळी म्हणून दाखवायचे.

तो गेला, पण ठोके काही गेले नाहीत. बाई भाजी चिरत असल्या की चौकटीकडून यायचे, टक टक. मान वर करून बघावं तर दारात कुणी नाही. ऑफिसातही यायचे. भर दुपारी, खोलीत चार माणसं बसलेली असताना. एकदा त्यांनी घरी धीर करून विचारलंच, “अगं, तुला काही ऐकू आलं का?”

“नळ गळतोय,” जाऊ म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं वॉशर बदलून घेतला. ठोके यायचेच. भूत असतं तर एकवेळ परवडलं असतं. भूत काहीतरी मागतं, भांडतं, त्याला काहीतरी देऊन वाटेला लावता येतं. हा नुसता ठोकायचा आणि आत यायचा नाही. बाईंना त्याची भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती, आणि लाजेला उतारा नसतो.

कसली लाज, ते आता सांगायलाच हवं.

बावीस वर्षांपूर्वी त्या तेलक्षेत्रात दहा विहिरी होत्या आणि अकरावी खोदायची होती. बाईंनी दहाही विहिरींचे दाबाचे आकडे मांडले. नऊ विहिरी शहाण्यासारख्या वागत होत्या. सहा नंबर मात्र शेजारणींच्या दीडपट दाब दाखवत होती. ती घेतली की ठिपके चहूकडं उधळायचे, आणि काढली की असं सुरेख वळण यायचं की बघत राहावं. नकाशा सोमवारी खात्याच्या प्रमुखांपुढं ठेवायचा होता. त्यांना सगळे सरासरीसाहेब म्हणायचे, कारण काहीही दाखवलं तरी ते विचारायचे, “ते राहू द्या, सरासरी किती?” सहा नंबरचं माप परत घ्यायचं तर आठ दिवस लागणार. शुक्रवारी दुपारी बाईंनी फायलीत एक ओळ लिहिली: ‘सहा नंबर. मापक सदोष असावं. वगळली.’ खाली सही केली.

इथवर पाप काही नाही. मापकं बिघडतात, आणि दाताखाली खडा आला तर माणूस थुंकतोच. पाप पुढं झालं. नकाशाचं कौतुक झालं. सरासरीसाहेबांनी तो स्वतःच्या खोलीत भिंतीवर लावला. आणि बुधवारी मापकांच्या वर्कशॉपातून एक चिठ्ठी आली. ‘सहा नंबरचं मापक तपासलं. बरोबर आहे.’ अकरा नंबरचं भोक त्या खडकाला पोचायला अजून एकोणीस दिवस होते.

उठायचं, चाळीस पावलं चालायचं, साहेबांच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, “नकाशा चुकलाय, उतरवा तो.” एवढंच करायचं होतं. बाईंनी चिठ्ठी फायलीला टाचली आणि म्हटलं, उद्या सांगू. उद्या साहेब दौऱ्यावर. परवा मीटिंग. मग वाटायला लागलं, एका विहिरीनं एवढं काय होतंय? शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण एक शीत कच्चं लागलं म्हणून अख्खं भांडं कुणी ओतून देतं का? अडचणीत सापडलेल्या मनाला म्हणी फार पटापट आठवतात. खरं कारण इतकंच की नकाशा देखणा होता, आणि तो त्यांचा होता.

खोदताना भोकात जड गाळ भरून ठेवतात. मड म्हणतात त्याला. खालचा दाब वर उसळू नये म्हणून वरून ठेवलेलं ते ओझं. किती जड ठेवायचं, हे नकाशातला दाब बघून ठरतं. नकाशात दाब कमी होता, म्हणून मड हलका होता. खाली दाब कमी नव्हता. विसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला अकरा नंबर उसळली. दिरानं सगळ्यांना खाली पळवलं आणि झडप बंद करायला स्वतः मागं थांबला. झडप बंद झाली. तो खाली आला नाही.

चौकशी समिती बसली. बैल गेला अन् झोपा केला. समितीनं नकाशा मागितला, बाईंनी नकाशा दिला. फाईल कुणी मागितली नाही, बाईंनी दिली नाही. समितीनं लिहिलं की ड्रिलरनं धोक्याची चिन्हं वेळेत ओळखली नाहीत, चूक त्याचीच. कंपनीच्या दारात एक काळा दगड आहे. कामावर असताना गेलेल्यांची नावं त्यावर कोरतात, पण स्वतःच्या चुकीनं गेलेल्याचं नाव कोरत नाहीत, असा नियम. दिराचं नाव त्यावर आलं नाही. जाऊ तेव्हापासून त्या दारावरून गेली नाही. बाजारात जायचं तरी मागच्या गल्लीनं, मोठा वळसा घालून जायची. मुलीला वर्गात कुणीतरी म्हणालं होतं, तुझ्या बाबांमुळं विहीर फुटली. त्यानंतर पोरगी आठवडाभर शाळेत गेली नाही.

आणि बाई निवृत्त व्हायला दोन महिने उरलेले असताना कंपनीनं तेच बंद पडलेलं क्षेत्र परत उघडायचं ठरवलं. सरासरीसाहेब आता सगळ्यात वरच्या मजल्यावर बसत होते. त्यांनी निरोप पाठवला: नवं मॉडेल बाईंनीच करावं, त्या क्षेत्राची नस त्यांच्याइतकी कुणाला माहीत आहे?

आता पद्धत बदलली होती. पूर्वी एकच नकाशा निघायचा, आणि तो सगळीकडं गुळगुळीत, कारण प्रत्येक कोरी जागा शेजाऱ्यांच्या मधलं काहीतरी घेऊन गप्प बसायची. जमीन इतकी गुळगुळीत नसते. आता कॉम्प्युटर एकाऐवजी शंभर चित्रं काढतो. विहिरींचे आकडे शंभरांत तेच, वळण तेच, मधली जागा मात्र प्रत्येकात निराळी. मग मोजायचं, किती चित्रांत इथं दाब जास्त निघाला. आपल्याला माहीत नाही हे नीट हिशेबानं कबूल करायची ती रीत आहे. बावीस वर्षं उशिरा आलेली.

बाईंनी कपाटाच्या तळातून जुनी फाईल काढली आणि सहा नंबर परत आत घेतली. आणि मग जे करायची कामाला काही गरज नव्हती, तेच आधी केलं. अकरा नंबर बाजूला ठेवली. त्या वेळच्या दहाच विहिरी घेऊन, अकरा नंबर अजून खोदलीच नाही असं धरून, शंभर चित्रं काढली. जास्त दाबाला लाल, कमीला निळा. एकेक चित्र उघडून त्या एका जागेकडं बघितलं.

पहिलं निळं. म्हणजे दीर संध्याकाळी घरी येतो आणि चौकटीवर ठोकतो. दुसरंही निळं. म्हणजे लेकीच्या लग्नात टक्कल पुसत, सगळ्यांवर ओरडत फिरतो. तिसरं लाल. बाईंनी ते झटकन मिटलं. असं करत त्या शंभरापर्यंत गेल्या, जेवणाची सुट्टी झाली तरी उठल्या नाहीत. एकोणसाठ निळी निघाली, एक्केचाळीस लाल. शंभरात दहा लाल आहेत म्हटलं तरी कुठलाही ड्रिलर मड जड करतो. इथं एक्केचाळीस होती. म्हणजे सहा नंबर नकाशात राहिली असती तर तो शंभरच्या शंभर चित्रांत घरी आला असता.

मग त्यांनी नियमाप्रमाणे अकरा नंबर आत घेतली आणि परत शंभर चित्रं काढली. जिथं भोक पाडून झालंय तिथं शंका उरत नाही. शंभरही चित्रं एकच बोलतात. अकरा नंबरच्या जागी शंभर वेळा लाल आलं.

टक टक. बाईंनी वळून दाराकडं बघितलं.

“बाई, बरं नाही का?” पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं.

“चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक,” बाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

मॉडेलसोबत टिपण जोडावं लागतं, कुठली विहीर घेतली, कुठली वगळली, आधीच्यापेक्षा फरक का. सहा नंबर आत घ्यायची तर ती तेव्हा बाहेर का होती हे लिहावं लागणार. वगळायची तर विचारणारं कुणी नव्हतं. पण नव्या दोन विहिरी सहा नंबरच्याच शेजारी खोदायच्या होत्या आणि तिथंही कुणाचा तरी दीर उभा राहणार होता. त्यामुळं सहा नंबर आत येणार, यात बाईंना शंका नव्हती. नोकरीचीही धास्ती नव्हती. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. भीती होती ती सकाळच्या त्या कपाची.

टिपण घेऊन त्या वरच्या मजल्यावर गेल्या. सरासरीसाहेबांनी ते दोनदा वाचलं.

“बाई, गाडलेली मढी कशाला उकरताय? सहा नंबर घ्या की आत. कारण लिहा, नवी पद्धत. विषय संपला.”

“आणि चिठ्ठी?”

“कसली चिठ्ठी?”

बाईंनी फाईल उघडून पुढं सरकवली. कागद पिवळा पडला होता, टाचणीचा गंज दोन्हीकडं उतरला होता. साहेबांनी तारीख वाचली, आणि बराच वेळ त्यांना सरासरी विचारायचं सुचलं नाही.

“समितीवर मी होतो,” ते शेवटी म्हणाले. “फाईल मागायला हवी होती मी.”

“मागितली नाहीत, म्हणून तर मी दिली नाही. साहेब, त्या दगडावर एक नाव कमी आहे.”

“घरी माहीत आहे हे?”

बाईंनी फाईल मिटून जवळ ओढली.

“मग आधी घरी सांगा. सांगूनही द्यावंसं वाटलं, तर सोमवारी घेऊन या. मी घेतो.”

रविवारी दुपारी जाऊ वाळलेले कपडे घडी घालत बसली होती. बाई समोर बसल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सहा नंबर, शुक्रवारची ती ओळ, बुधवारची चिठ्ठी, समिती. जावेच्या हातात चादर होती. तिनं घडी पुरी केली, बाजूला ठेवली.

“ताई, आता माझं ऐका,” ती म्हणाली. “त्या दिवशी सकाळी त्यांच्या हाताखालच्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, खालून गॅस लागतोय, मड जड करू या. तो नंतर भेटायला आला होता मला. ह्यांनी त्याला काय म्हटलं माहितीय? म्हणाले, नकाशा वहिनीनं काढलाय, वहिनी चुकत नाही, राहू दे हलकाच.”

बाई म्हणाल्या, “कधी बोलली नाहीस तू.”

“काय बोलू? तुम्ही अन्नपाणी सोडून बसला होतात. म्हटलं, नकाशा काढणाऱ्याला जमिनीखालचं थोडंच दिसतं. चुकतं माणसाचं. ही गोष्ट मी समितीपुढं बोलले असते तर सगळं तुमच्यावर आलं असतं, म्हणून गप्प बसले. समितीवाले त्यांची चूक म्हणाले, म्हणू दिलं. पोरगी रडत घरी आली, तरी म्हणू दिलं. मी तुम्हाला माफ केलं होतं, ताई. एकदाच नाही, रोज करावं लागायचं. सकाळी चहा ठेवताना करायचे. चुकलेल्या नकाशाला माफ केलं होतं मी. चिठ्ठी मला माहीत नव्हती.”

बाई रडत होत्या. जावेनं पुढचा कपडा उचलला नाही.

“एकोणीस दिवस?” तिनं विचारलं.

“एकोणीस.”

“रोज घरी यायचे ते. चौकटीवर ठोकायचे. तुम्हाला विचारायचे, वहिनी, कुठं भोक पाडू?”

“हो.”

“एकोणीस दिवस विचारलं त्यांनी तुम्हाला.”

“हो,” बाई म्हणाल्या. “रोज विचारलं.”

जाऊ उठली. दारात थांबून म्हणाली, “उद्या तो कागद द्या. आणि मी आत्ता सांगितलं तेही लिहा त्यात. त्यांना सांगणाऱ्यानं सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, का ऐकलं नाही, सगळं. आता अर्धवट काही नको.”

बाईंनी सगळं लिहिलं. साहेबांनी शब्द पाळला, आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, की फाईल मागण्याचं काम समितीचं होतं आणि ते समितीनं केलं नाही. नव्या विहिरी जड मड घालून खोदल्या. दुसरीत दाब आला, जागच्या जागी दाबून धरला, आणि चाळीस माणसं संध्याकाळी आपापल्या घरी गेली. बाईंचा निरोपसमारंभ काही झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, किल्ली दिली आणि त्या निघाल्या. चार महिन्यांनी दगडावर नाव कोरलं. त्या दिवशी जाऊ बावीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या रस्त्यानं गेली. एकटी गेली. बाईंना ‘चला’ म्हणाली नाही.

दोघी अजून एकाच घरात राहतात. या वयात जायचं कुठं? जाऊ सकाळी उठते, चहा ठेवते, आपला कप घेऊन बाहेरच्या खोलीत जाते. बाईंचा चहा बाई करून घेतात. मिठावरून, खिडकीवरून खटके उडत नाहीत. बाईंना वाटतं, एकदा तरी भांडावं हिनं.

आणि ठोके त्या रविवारपासून बंद झाले. बाई चिरता चिरता हात थांबवून ऐकतात. काही नाही. ज्या आवाजानं बावीस वर्षं जीव खाल्ला, तो एकदा यावा म्हणून त्या कान देऊन बसू लागल्या. बाहेरच्या खोलीत जाऊ, आत त्या, आणि मधे हे गप्प घर. परवा सकाळी त्यांना ते असह्य झालं. त्या उठल्या, चौकटीपाशी गेल्या आणि बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं.

बाहेर कप फुटल्याचा आवाज आला.

जाऊ धावत दारात आली. चौकटीवर बाईंचा हात बघून जागीच थांबली. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“तुम्ही होय,” ती म्हणाली. त्या रविवारनंतरचे पहिले शब्द. मग म्हणाली, “नळ कधीच गळत नव्हता, ताई. मलाही ऐकू यायचे.”

ती परत बाहेर जाऊन खाली बसली आणि तुकडे वेचायला लागली. बाई केरसुणी घेऊन गेल्या. जावेनं ती त्यांच्या हातातून घेतली, पण वर बघितलं नाही.